जादा ओढलेली वायर

मांडवगण फराट्यातल्या शाळकरी पोरालाही शॉर्टसर्किट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा येण्याआधीच त्याने ते उसाच्या फडात पाहिलेलं असतं. शिरूर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भीमाकाठ. नदी ओलांडली की दौंड. मांडवगण, वडगाव रासाई, सादलगाव, तांदळी, इनामगाव, जिकडे नजर टाकावी तिकडे ऊस. माघ-फाल्गुनात पाचट वाळून कडकडीत होतं, दुपारचं वारं सुटतं, दोन खांबांमधल्या लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासतात आणि ठिणगी खाली पडते. वर्षभर जपलेला फड बघता बघता काळा होतो. मग तलाठ्याला बोलावणं, पंचनामा, जळका ऊस आधी उचलावा म्हणून कारखान्यात खेटे, वजनातली घट आणि वरून दरातली कपात. तरी एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची असते. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडून होऊ शकते. तार कोणाची, ती किती सैल होती, खांब कधी वाकला, हे विचारणारा एक माणूस कायद्याने नेमून दिलेला आहे.

गाडी पेटली की असं कोणी येत नाही.

गाडीच्या आगीची बातमी ठरलेल्या वाक्याने संपते: शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे. पुढे त्या अंदाजाचं काय झालं हे क्वचितच छापून येतं. १९ मार्च २०२५ च्या सकाळी हिंजवडीच्या फेज १ मध्ये कर्मचाऱ्यांना कामावर नेणारा टेम्पो ट्रॅव्हलर पेटला. पुढे बसलेले उड्या मारून सुटले, मागचं दार उघडलं नाही आणि चौघांचा कोळसा झाला. दिवसभर सगळीकडे हेच, शॉर्टसर्किट. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सांगितलं की गाडीत ज्वालाग्राही रसायन ठेवून चालकानेच आग लावल्याचा संशय आहे, आणि त्याला ताब्यात घेतलं. जिथे मृत्यू झाले, पोलिसांनी कसून तपास केला, तिथे पहिला अंदाज असा चोवीस तासांत उलटला. जिथे कोणी मरत नाही, नुसती गाडी जळते, तिथे तो अंदाजच विम्याच्या कागदावर कायमचा जाऊन बसतो. त्या आगी खरोखर वायरिंगच्या असतील, नसतील. असल्या तरी कोणत्या वायरच्या, ती कोणी ओढली, तिला फ्यूज होता का, हे प्रश्न गाडीबरोबर जळून जातात.

आणि हे प्रश्न सगळ्यात जास्त लागू पडतात ते माणसं ज्यांत राहतात त्या गाड्यांना. परदेशात अशा गाड्यांचा मोठा बाजार आहे. त्यांत पलंग, ओटा, फ्रिज, संडास, सगळं असतं आणि निवृत्त जोडपी महिनोन्‌महिने त्यांतून हिंडतात. आपल्याकडे तसली कॅराव्हॅन अजून नवलाचीच. पण गाडीत घर थाटणं या मुलखाला नवीन आहे असं कोण म्हणेल? दसरा झाला की बीड, पाथर्डी, चाळीसगावकडच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून कारखान्यांच्या तळांवर उतरतात. ट्रॉलीत बांबू, कोपीच्या (तळावरच्या झोपडीच्या) चटया, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या, पांघरुणं, पोरं. गेल्या काही वर्षांत त्यात सोलरची एक छोटी प्लेट आणि एक बॅटरी आली, मोबाइल चार्ज करायला आणि कोपीत दिवा लावायला. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवत, वरवंड अशी दौंड तालुक्यातून जाते. दिंड्यांच्या मागे चालणारे ट्रक म्हणजे चालती स्वयंपाकघरंच: वर तंबू, आत भांडी, गॅसच्या टाक्या, जनरेटर. चैत्र-वैशाखात जत्रांचा हंगाम आला की तमाशाचे फड निघतात. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात, आणि त्यांचं झोपणं, नटणं, सामान ठेवणं सगळं ट्रकांच्या आसऱ्याने. रात्रभर चालणारी स्लीपर बस हेही एका रात्रीपुरतं घरच आहे.

या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट सारखी असते. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात जेवढी वायर होती, त्यापेक्षा आज जास्त आहे.

न्हावरे फाटा असो, केडगाव चौफुला असो की काष्टीचा बाजार, ऑटो इलेक्ट्रिशियनची टपरी सगळीकडे असते. बाहेर जुन्या बॅटऱ्यांची चळत, आत भिंतीवर होल्डर, रिले, रंगीबेरंगी वायरची बंडलं आणि काळ्या टेपच्या चकत्या. अशा टपरीवर अर्धा तास उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं. ट्रॅक्टर येतो. मालकाला पुढे एलईडी बार हवा, मागे ट्रॉलीवर झगमगणारी पट्टी हवी, टेप आहे त्याला ॲम्प्लिफायर जोडायचा. कारागीर बॉनेट उघडतो. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर आधीच तीन वायरी नटाखाली दाबलेल्या असतात. त्यावर तो चौथी ठेवतो आणि नट पुन्हा आवळतो. वायर इंजिनच्या कडेने, पत्र्याच्या भोकातून, सीटखालून मागे जाते. भोकाला रबरी बुश असायला हवा; तो हरवलेला असतो. जोड मारायचा तर दातांनी साल काढून दोन टोकं पिळायची आणि वर टेप गुंडाळायची. थिंबल लावून दाबायला हत्यार असतं, पण थिंबल मागितलं तरच. शेवटी बटण दाबलं, दिवा लागला, काम झालं. हजार-पंधराशे रुपयांत गाडी नवरीसारखी सजते. त्या वायरला स्वतःचा फ्यूज नसतो. कोणी विचारलंच तर उत्तर येतं, ‘डायरेक्ट दिलंय, काही होत नाही.’

कारागिराला दोष देऊन सुटता येणार नाही. फ्यूज लावला आणि तो उडाला तर मालक दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. डायरेक्ट दिलेली वायर कधी तक्रार करत नाही.

बारा व्होल्टने काय होतंय, हा समज सगळीकडे आहे आणि अर्धा खरा आहे. बॅटरीच्या दोन्ही टोकांना हात लावला तरी झटका बसत नाही. पण तीच टोकं लोखंडी पान्याने जोडली गेली तर पाना लाल होतो, कारण लेड-ॲसिड बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. माणसाला झटका व्होल्टेजमुळे बसतो, वायर तापते ती करंटमुळे. आणि व्होल्टेज कमी असलं की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. घरात हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेते. तेवढेच वॅट गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टरने काढायचे झाले तर ८३ अँपिअर, इन्व्हर्टरची तूट धरली तर त्याहूनही जास्त. घरच्या इस्त्रीची वायर तिथे वापरली तर काय होईल ते सांगायला नको; तरी अंदाजाने जाड दिसते म्हणून तीच वापरली जाते.

गाडीत आणखी एक गोम आहे. वायर वाचवण्यासाठी सगळ्या बॉडीलाच निगेटिव्ह केलेलं असतं. म्हणजे पॉझिटिव्ह वायरला पळून जायला वाट शोधावी लागत नाही. जिथे साल सुटेल तिथे पत्रा हजर. बुश नसलेल्या त्या भोकाच्या कडेवर वायर रोज थोडी थोडी घासते. खड्ड्यातून, नांगरटीतून, कच्च्या रस्त्यावरून चालणाऱ्या गाडीत तर ती दिवसभर घासते. एक दिवस तांबं पत्र्याला लागतं. फ्यूज असेल तर तो त्याच क्षणी उडतो आणि गोष्ट तिथेच संपते. फ्यूज नसेल तर आख्खी वायर, बॅटरीपासून त्या भोकापर्यंत, तापलेल्या तारेसारखी लाल होते आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या बाकीच्या वायरींची सालं वितळवते. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. उलट फ्यूज टेपच्या मागे बसवला तर टेप वाचतो, पण बॅटरीपासून टेपपर्यंतची वायर उघड्यावर पडते. पात्याच्या फ्यूजचे रंगही ठरलेले आहेत. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाल सारखा उडतो म्हणून त्या जागी हिरवा बसवणारे पुष्कळ आहेत. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार बसवणारेही आहेत, आणि त्यांची गाडी तर त्यानंतर कधीच बंद पडत नाही!

पण वायरिंगचे सगळेच अपघात शॉर्टसर्किटचे नसतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. सैल जोडाची आग वेगळी असते. दोन पिळलेली टोकं हादऱ्याने ढिली झाली, त्यात ओल शिरली, हिरवट गंज चढला, की त्या जागी थोडा अवरोध तयार होतो. समजा ०.०५ ओहम, साध्या मीटरवर धड दिसणारही नाही इतका. त्यातून २० अँपिअर वाहिले तर त्या एका जागी २० वॅट उष्णता तयार होते. टेपच्या आत, अंगठ्याएवढ्या जागेत, सोल्डरिंग आयर्न चालू करून तासन्‌तास ठेवावा तसं. फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. दिवा किंचित मंद होतो, एवढीच खूण. टेप आधी चिकट होते, मग करपते. शेजारी पाचट असेल, गादी असेल, डिझेलची ओल असेल तर पुढचं घडतं. करपल्याचा वास आला की चालक खिडकी उघडतो आणि वास गेला म्हणून पुढे जातो.

उंदरांचंही नाव घ्यायला हवं. उसाच्या पट्ट्यात रात्री उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरणं हा रोजचा प्रकार आहे. इंजिन कोमट असतं, जागा आडोशाची असते, वायरीची सालं कुरतडायला मऊ असतात. म्हणून कोणी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवतो, कोणी डांबराच्या गोळ्या. उपाय किती चालतो कोण जाणे, पण सकाळी गाडी चालू होत नाही तेव्हा टपरीवाला पहिला प्रश्न विचारतो तो गाडी शेतात उभी होती का हाच.

स्लीपर बसचं प्रकरण सगळ्यात भयंकर. बर्थपाशी चार्जिंगचा पॉइंट, वाचायचा दिवा, पडदा, फोमची गादी, रेक्झिनचं आवरण, छताला निळी पट्टी. यातलं बरंचसं चेसी बनवणाऱ्या कंपनीचं नसून बॉडी बांधणाऱ्याचं असतं, आणि त्यानंतर मालकाच्या हौशीचं. २०२५ च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, जैसलमेरहून जोधपूरला निघालेली एसी स्लीपर बस काही किलोमीटरवर पेटली आणि वीसहून अधिक माणसं गेली. बस जवळपास नवीन होती. प्राथमिक तपासात बोट एसीच्या वायरिंगकडे गेलं, आणि ही बस साध्याची एसी करून घेतलेली होती असंही पुढे आलं. दार एकच, तेही उघडेना. दहाच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, कुर्नूलजवळ हैदराबाद-बंगळूर बसने मोटारसायकल फरफटत नेली आणि ठिणग्यांनी बस पेटली. त्या बसमध्ये माल म्हणून मोबाइल फोनांची खेप होती, आणि त्यांच्या बॅटऱ्यांनी आग भडकवल्याचं तपासणाऱ्यांनी सांगितलं. तिथे सुरुवात वायरिंगची नव्हती. आपल्या समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस उलटून पेटली आणि २५ जण दगावले, तिथेही नव्हती. नाशिकला ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईकडे जाणारी बस धडकेनंतर जळाली, किमान बारा गेले, तिथेही नव्हती. कारणं निरनिराळी. पण पेट घेतल्यावर जे घडलं ते चारही ठिकाणी एकच: आतलं सामान पटापट जळणारं, आणि बाहेर पडायची वाट अडलेली. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड असतं, वायरच्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. झोपलेला माणूस उठून बसतो तोवर दोन-तीन श्वास गेलेले असतात.

याच्या उलट एक उदाहरण पुण्यातलंच आहे. नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला यवतमाळहून आलेली शिवशाही बस येरवड्याच्या शास्त्रीनगर चौकात पेटली. धूर दिसताच चालकाने गाडी थांबवली, प्रवासी खाली उतरवले आणि मग बस जळून खाक झाली. एकही माणूस गेला नाही. दिवसाची वेळ होती, सगळे जागे होते, धुराकडे कोणी दुर्लक्ष केलं नाही.

जत्रेतली वीज हा आणखी निराळा विषय आहे. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाशी ते कायमचं जोडलं गेलंय. तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपाऱ्या ठरवायला येतात. फड आज एका गावात, उद्या दुसऱ्या. दुपारी ट्रक येतो, अंधार पडायच्या आत रंगमंच, दिवे, भोंगे, पंखे सगळं जोडायचं, आणि पहाटे उकलायचं. म्हणजे तेच जोड हंगामभर रोज बांधायचे आणि रोज सोडायचे. पिळताना अधूनमधून तांब्याची एखादी तार तुटते. चैत्रात जिच्यात तीसेक तारा होत्या त्या वायरच्या टोकाला वैशाख संपेपर्यंत निम्म्या उरतात, भार मात्र तेवढाच. पूर्वी तर वीज घ्यायला खांबावर सरळ आकडा टाकायचे. आता जनरेटर आले, आणि त्यांचा स्वतःचा एक धोका बरोबर आला. छोट्या जनरेटरचं न्यूट्रल बऱ्याचदा जमिनीशी किंवा फ्रेमशी जोडलेलं नसतं. मग वर गळती पकडणारा आरसीसीबी बसवला तरी पत्र्यात उतरलेल्या करंटला परतायची वाट मिळत नाही, आणि आरसीसीबी नुसता शोभेला राहतो. आणखी एक बारीक चूक सगळीकडे दिसते. एक्स्टेन्शनची लांब वायर चक्रीवर गुंडाळलेलीच ठेवून तिच्यावर मोठा भार टाकतात. उलगडलेल्या वायरला वारा लागतो. चक्रीतल्या आतल्या वेढ्यांची उष्णता जायला जागाच नसते आणि ते एकमेकांत वितळून बसतात.

जत्रेत तंबूतला सिनेमाही असायचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. ट्रकच्या पोटात बसवलेल्या त्या जुन्या प्रोजेक्टरांत प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्या असत. टोकाला टोक लावून किंचित दूर केल्या की मधल्या फटीत विजेचा झोत पेटायचा. त्याला डीसी वीज लागायची, कारण एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि झोत थरथरतो. डीसी कधीच शून्यावर येत नाही. ऑपरेटर मुद्दाम जे करायचा तेच बसच्या २४ व्होल्टच्या ढिल्या जोडात नकळत होतं. टोकं सुटतात, मधल्या फटीत झोत पेटतो, आणि स्वतःहून विझायला त्याला निमित्त मिळत नाही. घरातल्या एसीसाठी बनवलेलं बटण किंवा एमसीबी गाडीच्या डीसीवर बसवू नये ते याचसाठी. बाजारात डीसीचे वेगळे मिळतात. किंमत थोडी जास्त असते, म्हणून घरचंच चालवून घेतलं जातं.

गॅस आणि वीज एकत्र आली की हिशेब आणखी बिघडतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून न जाता ट्रकच्या तळाला, सीटखाली, बॅटरीच्या डब्यात साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान आलं की एक ठिणगी बास. ती पाण्याच्या छोट्या पंपाच्या बटणाची असू शकते किंवा रिलेच्या टिकटिकीची. मदुराई स्थानकाजवळ २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे उभा असलेला यात्रेकरूंचा खासगी डबा पेटला आणि नऊ जण गेले. लखनौकडून आलेल्या त्या यात्रेकरूंनी नियम मोडून डब्यात सिलिंडर नेला होता आणि चहा चालला होता. वारीतल्या ट्रकवाल्यांना निदान एक फायदा असतो. ते बहुधा गाडीबाहेर, उघड्यावर चूल मांडतात. मात्र पावसाची सर आली की शेगडी ट्रकच्या फाळक्याआड सरकते, आणि ताडपत्रीखाली जनरेटरची वायर, टाकी आणि माणसं एकाच जागी गोळा होतात.

आता खऱ्या कॅराव्हॅनकडे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कोविडने हॉटेलांची भीती घातली होती, आणि गाडीतच राहायचं ही कल्पना शहरी लोकांना भावली. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बससाठी एआयएस-०५२ आणि स्लीपरसाठी एआयएस-११९. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे. म्हणजे गाडी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या जाणकार संस्थांपैकी दोन मांडवगणपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत. पण मानक लागतं ते प्रमाणपत्र घेऊन बांधलेल्या गाडीला. जुना ट्रॅव्हलर घेऊन त्यात यूट्यूब बघून पलंग, फ्रिज आणि इन्व्हर्टर बसवणाऱ्याला ते आडवं येत नाही, जोवर तो आरटीओच्या दारात जात नाही.

आणि घरच्या घरी बांधलेल्या अशा गाडीत दोन विजा एकत्र नांदतात: छतावरच्या सोलरची आणि बॅटरीची १२ व्होल्ट डीसी, आणि रिसॉर्टच्या प्लगमधून ओढलेली २३० व्होल्ट एसी. टायर रबराचे, त्यामुळे सगळी गाडी जमिनीपासून तुटलेली. २३० ची एक वायर पत्र्याला लागली आणि अर्थिंग नसलं तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्याला काहीच कळत नाही, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभा राहून दाराच्या कडीला हात लावणारा पोरगा सापडतो. इंग्लंडमध्ये कॅराव्हॅनच्या तळावरच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारं संरक्षण बंधनकारक आहे. आपल्या रिसॉर्टवाल्याकडे बहुधा बागेतल्या दिव्याचा प्लग असतो.

परदेशातही सगळं आलबेल आहे असं नाही. तिथल्या फिरत्या घरांत गॅसवर किंवा विजेवर चालणारे शोषण पद्धतीचे फ्रिज असतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो; अमोनियाचं द्रावण तापवून गारवा तयार होतो. अमेरिकेत २००६ मध्ये डोमेटिक कंपनीने असे सव्वानऊ लाखांहून अधिक फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलावले, कारण तापणाऱ्या नळीला चीर जाऊन आग लागण्याचा धोका दिसला होता. अशा ‘परत बोलावण्या’साठी एक नोंदवही लागते: कोणत्या गाडीत कोणतं उपकरण बसवलंय याची. चौफुल्यावर बसवलेल्या एलईडी बारला परत कोण बोलावणार?

लिथियम बॅटरी आता इथेही आली आहे. फॉस्फेट प्रकारची बॅटरी तुलनेने शांत स्वभावाची, पण तिची एक खोड आहे. तिचा आतला अवरोध फार कमी असतो, त्यामुळे रिकामी झालेली असताना गाडीच्या अल्टरनेटरला थेट जोडली तर ती मागेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर जळायच्या बेतात येतो. मधे डीसी ते डीसी चार्जर लागतो. विकणारा हे सांगतोच असं नाही. जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, टोकं तीच, नट तेच.

कायदा या सगळ्याबद्दल मूग गिळून बसलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि कलम १८२-अ प्रमाणे तसा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. २७ जानेवारी २०२२ ला केंद्राने लांब पल्ल्याच्या बस आणि शाळेच्या बससाठी प्रवाशांच्या भागातही आग ओळखून इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक करण्याचं पाऊल उचललं. आधी ती इंजिनापुरती होती. नवीन बससाठी हे चांगलंच आहे. पण फिटनेसला गाडी उभी राहते तेव्हा ब्रेक बघतात, हेडलाइटचा झोत बघतात, धूर बघतात. पॅनेलमागे कोणती वायर जादा आहे हे बघायला पॅनेल काढावं लागतं, आणि ते कोणी काढत नाही. शिवाय फिटनेसच्या आदल्या दिवशी जादा दिवे काढून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे, हा सगळ्यांना ठाऊक असलेला प्रकार आहे. दिवे निघतात, वायर आतच राहते, टोक उघडं ठेवून.

मांडवगणपुरतं बोलायचं तर आगीचा बंब ही फार भरवशाची गोष्ट नाही. शिरूरहून निघो की दौंडहून, तो पोचेपर्यंत गाडीचा सांगाडा उरलेला असतो. फड पेटला की जवळच्या कारखान्याचा बंब मागवतात, तसा तो गाडीसाठीही येतो, पण गाडी उसासारखी तासभर जळत नाही. जे काही करायचं ते पहिल्या दोन-तीन मिनिटांत, गाडीतल्या माणसानेच. बॅटरीची वायर तोडणारा कटऑफ स्विच चालकाच्या हाताशी असेल तर वायरिंगची आग तिथेच उपाशी मरते, कारण तिला तापवणारा करंट थांबतो. तो नसेल तर नट सोडायला पाना शोधावा लागतो. पावडरचा सिलिंडर असला तर उत्तम, पण बॉनेट पूर्ण उघडून मारायचा नाही. फट ठेवून आत मारायचा, नाहीतर हवा मिळून आग अंगावर येते.

पण आग लागण्याआधीच वायरिंग तपासायचं काम करायला जागाही आहे आणि वेळही. दर हंगामाच्या सुरुवातीला आरटीओचे लोक आणि साखर कारखाने मिळून ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना आणि जुगाडांना रिफ्लेक्टर लावतात, कारण अंधारात दिवे नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसं मरतात. तेव्हा न्हावरे, पाटस, पारगावच्या वाटांवर गाड्यांच्या रांगा थांबलेल्या असतात. त्याच रांगेत बॅटरीचा डबा उघडून पाहायला प्रत्येक गाडीला पाच मिनिटं लागतील. पॉझिटिव्हच्या नटाखाली किती वायरी आहेत, त्यातल्या कितींना वीतभर अंतरात फ्यूज आहे, भोकातून जाणाऱ्या वायरला बुश आहे का, टेप मारलेला जोड हाताला गरम लागतो का. यासाठी विद्युत निरीक्षक लागत नाही, कारखान्याच्या वाहन विभागातला एखादा ऑटो इलेक्ट्रिशियन आणि खिशात लाल, निळ्या, पिवळ्या फ्यूजची मूठभर पाकिटं पुरतात. कोपीवरच्या सोलर बॅटरीचंही तेव्हाच बघून घेता येईल, कारण ती ट्रॉलीतच आलेली असते आणि मुलं तिच्याच शेजारी झोपतात.